बारा कलमांचे नाटक

दिवाळी अंकात परीक्षण लिहावयाचे ते वर्षभरात गाजलेल्या एखाद्या कादंबरीचे, निदान एखाद्या नाटकाचे तरी, असा संकेत आहे. मी यंदा ज्या लेखनाकडे वळलो आहे ते अवघे एका पानाचे आहे. त्यावर लेखकाचे नाव नाही, किंमत छापलेली नाही, आणि कोणत्याही ग्रंथालयात ते मिळावयाचे नाही. तरीसुद्धा दिवाळीच्या खरेदीला बाहेर पडलेल्या आणि काचेच्या दाराच्या एखाद्या दुकानात शिरलेल्या वाचकाने त्याचा, किंवा त्याच्या एखाद्या भावंडाचा, प्रयोग नक्की ऐकलेला असणार. एवढेच नव्हे, तर त्या प्रयोगात वाचकानेही एक भूमिका केलेली असणार. तसे त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

मला हा कागद मिळाला तो माझ्या भाचीकडून. सोलापुरात तयार कपड्यांच्या आणि साड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती दीड वर्षापूर्वी लागली. दुकान येथले, पण त्याची मुख्य कचेरी दूर कोठल्या तरी मोठ्या शहरात. नोकरी लागली त्या आठवड्यातच ती हा कागद घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘मामा, मला हे पाठ करायचंय. तुम्ही गिऱ्हाईक व्हा की.’’ मी चष्मा लावून दारातून आत येण्याचे नाटक केले. ती हसली, हात जोडले, आणि एका दमात पहिले वाक्य म्हणाली. मी काही उत्तर देणार तोच दुसरे वाक्य आले. मी म्हटले, ‘‘अगं, मला बोलू तरी दे.’’ ती कागद पाहून म्हणाली, ‘‘तुमचं वाक्य यात नाहीच ओ मामा.’’

तेथे माझ्यातला परीक्षक जागा झाला. दोन पात्रांचा संवाद, आणि त्यातले एकाच पात्राचे बोलणे लिहिलेले!

कागदावर बारा कलमे आहेत. गिऱ्हाईक आत आल्यापासून दहा सेकंदांत हसून नमस्कार करावा, हे पहिले. मग मदतीचा प्रश्न. मग प्रसंग विचारावयाचा. वस्तू हातात द्यावयाची. जोडीची दुसरी वस्तू दाखवावयाची. चालू योजना सांगावयाची. मोबाईलचा नंबर घ्यावयाचा. सवलतीच्या कार्डाबद्दल बोलावयाचे. अशा पायऱ्या चढत चढत बाराव्या कलमाला ‘धन्यवाद, पुन्हा या’ म्हणून पडदा. प्रत्येक कलमापुढे गुणांचा रकाना आहे. शाळेतल्या तोंडी परीक्षेची आठवण व्हावी असा हा सगळा थाट.

भाषेपासून सुरुवात करू. दुसऱ्या कलमातले वाक्य असे: ‘मी आपली कशी मदत करू शकते?’ मराठीत मदत ही अडल्यानडल्याला करावयाची असते. गाडी चिखलात रुतली, मुलीच्या लग्नात पैसे कमी पडले, म्हणजे माणूस मदत मागतो. दोन परकर आणि एक टॉवेल घ्यावयास आलेल्या बाईला कोणी असे विचारले तर आपण कोणत्या संकटात आहोत, असे तिला वाटावे. आणि ‘करू शकते’ म्हणजे काय? विकणारीला स्वतःच्या कुवतीविषयीच शंका आहे की काय? हे वाक्य इंग्रजीत जन्मले आहे आणि तेथे ते आपल्या घरी आहे. मराठीत ते भाड्याच्या कपड्यांत आल्यासारखे वाटते. आमच्या सोलापुरात त्याचे काम ‘काय दाखवू ओ?’ एवढ्यात होते. त्यात मदतीचा उपकार नाही, कुवतीची शंका नाही, आणि ‘ओ’मध्ये जेवढी अदब लागते तेवढी आहे.

पण याहून मोठी चूक तिसऱ्या कलमात आहे. गिऱ्हाइकाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे. काका, मावशी, अक्का असे नाते लावू नये, असा तेथे हुकूम आहे. ज्याने हे लिहिले त्याने सोलापूरचा बाजार पाहिलेला नसावा. या गावात पूर्व भागातले विणकर घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट-मैंदर्गीकडून आणि सीमेपलीकडच्या इंडी-विजयपूरकडून येणारे गिऱ्हाईक कन्नड बोलते, उरलेले मराठी आणि दखनी. या सगळ्यांना एकाच धाग्यात ओवणारा जर कोणता शब्द असेल तर तो ‘अक्का’. तो तेलुगूत चालतो, कन्नडात चालतो, आणि आमच्याकडच्या मराठीतही थोरल्या बहिणीला आम्ही अक्काच म्हणतो. कापडाच्या दुकानातल्या जुन्या माणसाला अनोळखी बाई कोणत्या भाषेची हे कळण्याआधी ‘या अक्का’ म्हणता येत असे; तिने तोंड उघडले की मग ‘बर्री अक्का, कूड्री’ किंवा ‘एम कावाली अक्का’. तीन भाषांच्या उंबऱ्यावर ठेवलेला हा एक शब्द होता, आणि तोच या कागदाने काढून घेतला. आता येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चाळिशीच्या बाईला विशीतल्या मुलीने ‘आज्जी’ म्हटल्यावर साडीचा ढीग तसाच टाकून ती उठून गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. नात्याचे शब्द जपूनच वापरावे लागतात. पण जपून वापरणे ही शिकण्याची गोष्ट आहे, बंदीची नव्हे.

या निमित्ताने मला आठवण झाली ती चाटी गल्लीची. चाटी म्हणजे कापड विकणारा. हा शब्द आता बोलण्यातून गेला आहे, पण सोलापूरच्या त्या गल्लीच्या नावात तो अजून राहिला आहे. माझ्या लहानपणी मधल्या मारुतीच्या आसपासच्या दुकानांत पांढऱ्या गादीवर बसून खरेदी होई. विकणारा माणूस मिशाळ, धिप्पाड, आणि तरीही इरकलचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून तो असा काही उभा राही की बायका हसू दाबून पदराकडेच पाहत. सोलापुरी चादर दाखवण्याची तर एक ठरलेली रीत होती. आधी चादर झटकून पसरायची, तांबड्या जमिनीवर पांढरा मोर दाखवायचा. गिऱ्हाईक ‘हं’ म्हणेपर्यंत थांबायचे, आणि मग एका हिसक्यात ती उलटी करायची, की पांढऱ्या जमिनीवर तांबडा मोर! हातमागापासून जॅकार्डच्या यंत्रमागापर्यंत विणकराने जे कसब मिळवले ते विकणाऱ्याने त्या एका हिसक्यात सांगून टाकायचे. या चादरीला या शतकाच्या पहिल्या दशकात भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. त्या हिसक्याची नोंद मात्र कोठल्या कागदावर झाली नसेल.

तेव्हा जुन्या दुकानात ठरलेली वाक्ये नव्हती, असे कोणी समजू नये. भरपूर होती. ‘अजून भवानी व्हायची आहे, तुमच्या हातानं होऊ द्या’ हे वाक्य काही दुकानांत दुपारी चारलाही ऐकू येई. ‘घरातली म्हणून सांगतो’ हे तर प्रत्येकीला सांगितले जाई. कासाराकडे तर पाठांतरापलीकडचे एक शास्त्रच होते. बांगडी फुटली असे तो कधी म्हणावयाचा नाही, ‘वाढवली’ म्हणेल. दुकान बंद केले म्हणावयाचे नाही, ‘वाढवले’. बांगड्या भरून झाल्यावर सवाष्ण बाई त्याला वाकून नमस्कार करी. हे काय विक्रीचे तंत्र होते? कासाराची ही वाक्ये गिऱ्हाइकाच्या घरातून, तिच्या भीतींतून आणि इच्छांतून आलेली होती. ती कोणी लिहून दिली नव्हती, म्हणून ती चुकीच्या वेळी बोलली जात नसत.

हे सगळे मी मोठ्या तन्मयतेने भाचीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मामा, त्या गादीवर आईला कधी ‘बसा’ म्हणाले होते का ओ?’’

मी गप्प झालो. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्नानंतर गिरणी कामगाराच्या घरात गेली. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या ज्या जुन्या गिरणीने सोलापूरचा चेहरामोहरा बदलला, तिच्या बंद पडण्याचे दिवस अक्काच्या घराने सोसले आहेत. विटक्या लुगड्यातल्या बाईला त्या गादीवर कोणी पदर खांद्यावर टाकून दाखवीत नसे. जुना विक्रेता माणूस पारखून बोले, हे त्याचे कौतुक मी करीत होतो. पण ती पारख पुष्कळदा पायांतल्या चपलेकडे पाहून होत असे, आणि खेड्यांतून आलेल्या काही माणसांना तर जातीवरून ओट्यावरच थांबवले जाई. माझ्या भाचीच्या कागदातले पहिले कलम सांगते की जो कोणी आत येईल त्याला दहा सेकंदांत नमस्कार. धोतरवाल्याला आणि मोटारवाल्याला एकच. ‘‘मोहोळकडच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी नमस्कार केला,’’ ती सांगत होती, ‘‘तर ते मागं वळून बघाले, आणिक कुणाला केला म्हणून.’’

हे कलम मी बिनशर्त मान्य करतो. पुणेरी दुकानदाराचे जे चित्र पु. ल. देशपांडे यांनी रंगवले आहे, ज्याच्या लेखी दुकानात सर्वांत दुर्लक्ष करण्याजोगी वस्तू म्हणजे गिऱ्हाईक, त्यावर आपण सारे पोट धरून हसतो. पण त्याच्या दुकानात रिकाम्या खिशाने उभे राहून पाहिलेल्या माणसाला ते हसू तितकेसे येत नाही. नवख्या मुलीच्या दृष्टीनेही कागदाचा आधार असतो. पहिल्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटते तेव्हा पाठ केलेले वाक्यच धावून येते. रॉबिन लायडनर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी खाद्यगृहांतल्या आणि विमा कंपनीतल्या अशाच पाठ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांनाही असेच दिसले की पाठ केलेले वाक्य कधी कधी कामगाराची ढाल होते. गिऱ्हाईक तडकले तर ते कागदावर तडकते, माणसावर नाही.

मग या संहितेत नेमके बिघडले कोठे? त्यासाठी तिच्या पूर्वजांकडे जावे लागते. अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात डेटन नावाचे गाव आहे. तेथे जेम्स रिटी नावाचा गुत्तेवाला होता. आपले नोकर गल्ल्यातले पैसे लांबवतात या काळजीने त्याने १८७९ मध्ये, प्रत्येक विक्रीची नोंद करणारे एक यंत्र तयार केले. पुढे हा धंदा जॉन पॅटर्सन याच्या हाती आला आणि त्याची कंपनी जगभर गल्ल्याची यंत्रे विकू लागली. पॅटर्सनचा मेहुणा जोसेफ क्रेन हा फार चांगला विक्रेता होता. तो काय बोलतो ते पॅटर्सनने लिहून काढविले, १८८७ मध्ये त्याची छोटी पुस्तिका केली, आणि आपल्या सर्व विक्रेत्यांना ती तोंडपाठ करावयास लावली. ज्यांना ते जमले नाही किंवा रुचले नाही त्यांना वाट दाखवली. म्हणजे पाहा, नोकराच्या हातावर पहारा ठेवणारे यंत्र ज्या गावात निघाले, त्याच गावात, तेच यंत्र विकण्यासाठी, नोकराच्या जिभेवरचा पहाराही निघाला. क्रेनचे बोलणे मुळात जिवंत होते. समोरचा दुकानदार कसा बसला आहे हे पाहून तो ते बोलत असणार. ते छापले गेले तेव्हा शब्द तेवढे उतरले. पाहणे उतरले नाही.

भाचीच्या कागदालाही एक पहारेकरी आहे. महिन्यातून केव्हातरी मुख्य कचेरी एक बनावट गिऱ्हाईक पाठवते. ते साड्या पाहते, भाव विचारते, निघून जाते, आणि बाहेर जाऊन बाराही कलमांचे गुण भरते. कोणते गिऱ्हाईक बनावट हे मुलींना कळत नाही. म्हणून त्या प्रत्येकाशी बनावटच समजून बोलतात. मला ही बाब कळली तेव्हा या संहितेचे सारे कोडे उलगडले. मी इतके दिवस समजत होतो की हा दुबळा संवाद आहे, कारण त्यात श्रोत्याला वाव नाही. तसे नव्हते. श्रोता होता, फक्त तो काउंटरसमोर उभा नव्हता. ‘आपल्यासाठी आणखी काही दाखवू शकते का?’ हे वाक्य त्या बाईला उद्देशून म्हटलेलेच नसते. ते दूरच्या कचेरीतल्या रकान्याला उद्देशून असते. खऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून, त्याच्या पलीकडे कोणाला तरी ऐकवलेले. आपण दुकानातून बाहेर पडताना सगळे गोड बोलले आणि तरी कोणी आपल्याशी बोलले नाही असे जे वाटते, त्याचे कारण हे आहे.

मोबाईलच्या नंबराचेच घ्या. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असा हट्ट धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले. पण कागदावर कलम आहे आणि कलमापुढे गुण आहेत. सरकारचे सांगणे मालकाला, गुण कापले जातात मुलीचे.

चौकट वाईट असते असे कोणी म्हणेल तर मी ते मानणार नाही. आपल्याकडची लोकरंजनाची सारी कला चौकटीतच वाढली. नारदीय कीर्तनात आधी नमन, मग पूर्वरंग, मग उत्तररंगातले आख्यान. तमाशात गण, गवळण, बतावणी, वग. हा क्रम मोडत नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात आमच्याच सोलापूरचा राम जोशी फडावरही उभा राहिला आणि कीर्तनातही, आणि दोन्हीकडच्या चौकटी त्याने पाळल्या. पण बतावणीत सोंगाड्या काय बोलेल हे लिहिलेले नसते. समोर गावचा पाटील बसला आहे की पोराला घेऊन आलेली बाई, हे पाहून तो बोलतो. कीर्तनकाराला श्रोते पेंगताना दिसले तर तो आख्यान अर्धे सोडून एक चुटका सांगतो आणि परत येतो. त्याला वळण घेण्याची मुभा आहे, कारण तो ज्यांच्याकडे पाहतो आहे तेच त्याचे परीक्षक आहेत. या बारा कलमांत वळणाला जागाच ठेवलेली नाही. तेरावा रकाना नाही, ‘का गाळले’ असे विचारणारी एक ओळसुद्धा नाही.

ती नसल्याने काय होते ते मी गेल्या श्रावणात पाहिले. म्हणजे भाचीच्या तोंडून ऐकले. दुपारची वेळ, दुकान रिकामे. पन्नाशीचा एक माणूस आत आला. अंगावर घरातलाच सदरा, केस विस्कटलेले. नमस्कार, स्वागत झाले. त्याने हिरवी साडी मागितली. ती सवयीने चौथे कलम म्हणून गेली: ‘‘कोणत्या खास प्रसंगासाठी पाहताय, सर?’’

तो म्हणाला, ‘‘बायको गेली ओ. सकाळी.’’

सवाष्ण बाई गेली म्हणजे तिला हिरवे लुगडे नेसवून, मळवट भरून पाठवतात, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. माझी भाची काही बोलली नाही. तिने ढिगातून एक चांगली, मऊ, हिरवी साडी काढली, घडी न मोडता त्याच्या पुढे ठेवली. किंमत सांगितली. दुसरी साडी दाखवली नाही. योजना सांगितली नाही, नंबर मागितला नाही, कार्डाचे नाव काढले नाही. बिल करून पिशवी हातात दिली, आणि तो दाराकडे निघाला तेव्हा ‘पुन्हा या’ म्हणाली नाही. मयताच्या घरून उठताना आपण ‘येतो’ म्हणत नाही. तिने तेच उलट बाजूने पाळले. हे तिला कोणी शिकवले नव्हते. घरी चार मयते पाहिली असतील, तेवढेच शिक्षण.

त्या दिवशी नेमकी तपासणी होती. बनावट गिऱ्हाईक नव्हते, वरचा तपासनीस मागे उभा राहून कागद भरीत होता. त्याने जोडीची वस्तू, योजना, नंबर, कार्ड आणि निरोप या पाच कलमांपुढे शून्य लिहिले. तो दुष्ट माणूस नव्हता. नंतर तिला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘मला कळतंय ग, पण मी काय लिहू? माझ्या कागदावर पण कॉलम तेवढाच आहे.’’ तिची त्या महिन्याची वरची रक्कम गेली. तिला त्याचे फारसे वाटले नाही. वाटले ते चौथ्या कलमाचे, जे तिने म्हटले होते आणि ज्याचे तिला पूर्ण गुण मिळाले होते. ‘‘मी त्यांना प्रसंग विचारला, मामा,’’ ती दोनतीनदा म्हणाली.

नाटकात नटाने वाक्य गाळले तर आपण त्याला दोष देतो. पण प्रेक्षागृहात कोणाला घेरी आली असता जो नट आपले स्वगत रेटत राहतो, त्याला आपण काय म्हणतो? माझ्या मते त्या दुपारी त्या संहितेचा एकच प्रयोग नीट झाला, आणि तो पाच ओळी गाळून झाला.

कायद्याकडे पाहावे तर महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा कायदा, ज्याला आपण अजून ‘गुमास्ता’च म्हणतो, २०१७ मध्ये नव्याने झाला. त्यात तास, सुट्ट्या, रजा यांचा विचार आहे. बोलण्याचा विचार त्यात कोठून येणार? पण एके काळी उभे राहण्याचाही विचार कोणत्या कायद्यात नव्हता. कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी दिवसभर उभे ठेवण्याविरुद्ध आवाज उठवला, वर्षानुवर्षे तो लावून धरला, आणि २०१८ मध्ये केरळात बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तो दिला. पायांची गोष्ट झाली. जिभेची व्हायला वेळ लागेल.

भाची वकील नाही की पुढारी नाही. तिने एवढेच विचारले की एखाद्या गिऱ्हाइकाला चौथे आणि बारावे कलम गाळले तर चालेल का. तपासनीस म्हणाला, लेखी अर्ज कर, वर पाठवतो. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘‘तुम्ही त्यातल्या मराठीला नावं ठेवता ना, मग आता तुम्हीच लिहा.’’ मी तीन वेळा खोडून सहा ओळींचा अर्ज लिहून दिला. त्यात ‘मदत’ आणि ‘शकते’ हे शब्द एकदाही येऊ दिले नाहीत. आठ दिवसांनी तो परत आला. मुख्य कचेरीला अर्ज इंग्रजीत लागतो. हिरव्या साडीचे इंग्रजीत काय करावे, या विवंचनेत मी सध्या आहे.